सुटणार कसं?

टेबलावर गाडीचं नाक ठेवलेलं होतं. पाऊण मीटर लांब, पुढे निमुळतं, अंगभर करड्या-पिवळ्या पुट्टीचे डाग. आत एमडीएफच्या फासळ्या, फासळ्यांच्या मधोमध पीयू फोमचे ठोकळे, आणि करवत, रंधा, घासायचा कागद मारून मारून आणलेला आकार. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीमची ही मेहनत. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत नावाची स्पर्धा भरते. देशभरातले विद्यार्थी स्वतः बांधलेली, एका माणसाची रेसिंग कार घेऊन तिथे उतरतात. या टीमला यंदा गाडीची बॉडी बाहेरून करून घ्यायची नव्हती, साच्यापासून सगळं स्वतः करायचं होतं. म्हणून ही पोरं भोसरी एमआयडीसीतल्या या शेडमध्ये आली होती. शेडचे मालक, मिस्त्री आणि रोजचे झाडूवाले एकच. सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाकाच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे सुटणार कसं?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एरवी त्यांच्याकडे सगळ्याची उत्तरं होती. वारा नाकावरून कसा जाईल, वजन किती भरेल, स्क्रू कुठे येतील. लॅपटॉपवर ते नाक हवं तसं फिरवून दाखवत होते. पण पुट्टी लावलेल्या या आकारावर फायबरचा जाड थर बसल्यावर तो थर उचलायचा कसा, हे स्क्रीनवर कुठेच दिसत नव्हतं.

दिवाळी अंकाचा विषय 'शिकाऊ' असा ठरला तेव्हा संपादक म्हणाले होते की गाणं शिकणारे, भाकरी शिकणारे, सतार शिकणारे यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही जरा एमआयडीसीकडे जाऊन या. त्याप्रमाणे गेलो. पावसाळ्याचे दिवस होते. पत्र्यावर पाऊस आणि आत स्टायरीनचा वास. गोडसर, उग्र, घशाशी येऊन बसणारा. हा वास आला की समजायचं, आसपास कुठेतरी फायबरचं काम चालू आहे.

काम समजायला सोपं आहे. आधी हव्या त्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती करायची. तिला शेडमध्ये कुणी मास्टर म्हणतं, कुणी पॅटर्न. तिच्यावर फायबरचा जाड थर चढवायचा, सुकला की उतरवायचा. हा झाला साचा. मग साच्याच्या आतून फायबर लावायचं, सुकलं की काढायचं. ही झाली वस्तू. म्हणजे एका वस्तूसाठी दोनदा चिकटवायचं आणि दोनदा सोडवायचं. नवखा माणूस पहिल्या कामाच्या तयारीने येतो. मामा दुसऱ्याचाच विचार करत बसलेले असतात.

काचेचं सूत आणि दोन बाटल्या

फायबर म्हणजे काच. फक्त केसापेक्षा बारीक सूत काढलेली. १९३२च्या सुमाराला अमेरिकेत ओहायोमध्ये डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या विटा एकमेकींना जोडण्याच्या खटपटीत होता. दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसला आणि तिचे बारीक धागे उडाले. पुढे १९३८मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली ती याच धाग्याच्या जोरावर. १९५३मध्ये शेव्हर्लेने कॉर्व्हेट गाडीची अख्खी बॉडी फायबरची केली. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात बंगळुरूच्या सिपानी कंपनीने डॉल्फिन नावाची छोटी फायबरची कार रस्त्यावर आणली होती. जुन्या वाचकांना ती आठवत असेल. आज काचेचा हा धागा गोव्यात कोलवाळला आणि आपल्या तळोज्यातही बनतो.

मामांच्या शेडमध्ये तो दोन रूपांत येतो. एक मॅट. बोटभर लांबीचे तुकडे कसेही विखरून, हलक्या डिंकाने धरून ठेवलेली पांढरी चादर. दुसरं रोव्हिंग, म्हणजे जाड धाग्यांचं विणलेलं कापड. वजनावरून त्यांची नावं पडतात: ३००ची मॅट, ४५०ची मॅट, ६००चं रोव्हिंग. एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. ४५०च्या मॅटचा एक थर रेझिन पिऊन सुकला की साधारण एक मिलिमीटर जाडी येते. शेडमधला सगळा हिशोब यावर चालतो.

रेझिन पॉलिस्टरचं, मधासारखं दाट. ते नुसतं ठेवलं तर महिनोन् महिने तसंच राहतं. त्याला सुकवायला दोन बाटल्या लागतात, आणि मामांनी त्या मुद्दाम शेडच्या दोन टोकांच्या भिंतींवर ठेवल्या आहेत. एकीत जांभळं कोबाल्ट. दुसरीत पाण्यासारखा दिसणारा हार्डनर, ज्याचं रासायनिक नाव कुणी घेत नाही, सगळे एमईकेपी म्हणतात. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घालून नीट ढवळायचं आणि मगच हार्डनर घालायचा. दोन्ही बाटल्यांतला माल रेझिनशिवाय थेट एकमेकांत पडला तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं जातं.

प्रमाण एका किलोला दहा ते वीस मिली हार्डनर. ऊन तापलं की कमी, थंडी पडली की जास्त. पण एक टक्क्याच्या खाली जायचं नाही. गेलं तर रेझिन घट्ट झाल्यासारखं दिसतं आणि आतून कधीच पूर्ण पिकत नाही. मे महिन्यात मग मधेच ब्रश कडक होतो, हे मामांनाही मान्य आहे. त्याला उपाय कोबाल्ट कमी करणं आणि पहाटे कामाला लागणं. हार्डनर चोरणं हा उपाय नाही. डोळ्यात त्याचा थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. टीममधला एक पोरगा गॉगल डोक्यावर चढवून फिरत होता. मामांनी काही न बोलता तो त्याच्या नाकावर ओढला.

आत वळलेली कड

ज्या कडेवर मामांचा अंगठा अडला होता ती सेंटिमीटरभर आत वळलेली होती. तिथे स्क्रू बसवून नाक गाडीच्या सांगाड्याला लावायचं, अशी योजना. गाडीवर ती कड अगदी योग्य होती. साच्यात ती कुलूप होऊन बसणार होती. साचा कडक, वस्तू कडक, आणि कड आत वळलेली. ना हे वाकणार, ना ते.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कधी गेला असाल तर ही अडचण लगेच कळेल. सोंड, बोटं, कानामागची पोकळी, सगळीकडे आकार आत वळतो. म्हणून तिथे साचा रबराचा असतो. रबर सोंडेवरून सोलून निघतं, आणि ते वाकडंतिकडं होऊ नये म्हणून बाहेरून तुकड्यातुकड्यांचं कडक कवच बसवलेलं असतं. फायबरच्या साच्याला हे लाड करता येत नाहीत. त्याचे सरळ दोन भाग करावे लागतात.

मग बराच वेळ नाकाच्या अंगावर पेन्सिलीने रेघ ओढायचं काम चाललं. साचा कुठे फुटावा? बरोब्बर मधून, टोकापासून मागेपर्यंत, असं ठरलं. डावा अर्धा डावीकडे निघेल, उजवा उजवीकडे. प्रत्येक अर्ध्याची भिंत निघायच्या दिशेने दोन-तीन अंश तरी पसरलेली हवी. उभी, समांतर भिंत कागदावर सुटते, प्रत्यक्षात हवा आत शिरू देत नाही आणि धरून बसते.

कोपऱ्यांचंही तेच. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत गाडीच्या पुढच्या कडांना किमान ३८ मिलिमीटरची गोलाई लागते. कुणाला धडकली तर कापू नये म्हणून. तेवढी पोरांनी दिली होती. मात्र बाजूच्या खाचेत त्यांनी सुरीसारखी कड ठेवली होती.

"मामा, रेंडरमध्ये शार्प भारी दिसतं," टीमची कॅप्टन म्हणाली.

"दिसत असेल ताई. पण मॅट काय रेंडर बघून बसत नाही."

मॅटला काटकोनात घुसवलं की ती थोड्या वेळाने मागे सरते, आणि तिच्या मागे हवेचा बोगदा राहतो. वरून सगळं ठीक दिसतं. पुढे कधी त्या जागी टकटक झाली की वरचा रेझिनचा थर, जेलकोट, टरफलासारखा उडतो. खाचेत पुट्टी भरून गोलाई दिली गेली. कॅप्टनला ते मनापासून पटलं असं वाटलं नाही.

पेन्सिलीच्या रेघेवर सनमायकाची पट्टी उभी केली, मागून ग्लूगनने धरली, आणि पट्टी व नाक यांच्यामधली फट शाळकरी पोरांच्या क्लेने भरली. नखाने, मग चमच्याच्या मागच्या बाजूने ती क्ले गुळगुळीत केली. या पट्टीवर फायबर चढलं की साच्याला तीन-चार बोटं रुंद कॉलर मिळते. तिच्यात पुढे बोल्ट बसतात. कॉलरमध्ये दोन-तीन अर्धगोल खड्डे ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या अर्ध्यावर तेवढेच उंचवटे येतात आणि दोन्ही भाग दरवेळी जागच्या जागी बसतात. पहिला अर्धा सुकला की सनमायका काढून टाकायची. आता पहिल्या अर्ध्याची कॉलरच दुसऱ्यासाठी भिंत.

आणि इथेच, मामा सांगतात, बहुतेक नवे बुडतात. नाकाला मेण लावतात, कॉलरला विसरतात. त्यांच्याकडे पूर्वी कामाला असलेल्या एकाने असंच केलं. दोन अर्धे मिळून एक अखंड भांडं झालं, आत पॅटर्न कायमचा. ते ग्राइंडरने कापून काढावं लागलं.

ट्यूबलाइटची रेघ

नाक आणल्यापासून त्याच्यावर पहिलं फायबर चढेपर्यंत जे चाललं, ते बघायला गेलेल्या माणसाची परीक्षा पाहणारं आहे. घासणं. नुसतं घासणं.

फोमवर थेट रेझिन लावत नाहीत. पीयू फोम निदान टिकतो. गेल्या वर्षी याच टीमने थर्माकोलचा पॅटर्न करून त्यावर पॉलिस्टर ओतलं होतं. स्टायरीनने थर्माकोल बघता बघता विरघळला आणि आकाराच्या जागी भोक राहिलं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि रेझिनमध्ये स्टायरीन. केमिस्ट्रीच्या पेपरात हे सगळ्यांनी लिहिलेलं होतं. यंदा फोमवर पुट्टी, पुट्टीवर प्रायमर, प्रायमरवर कागद.

८० नंबरचा कागद आकार खातो. १२०, २२० त्याचे ओरखडे काढतात. ३२०, ४०० पुढचे. मग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ६००, ८००, १०००, १२००. प्रत्येक नंबराचं काम आधीच्या नंबराचे ओरखडे पुसणं एवढंच. मधला एक गाळला की शेवटी ते ओरखडे चकाकत वर येतात. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच चालवायचा, गोलाईवर रबराच्या. उघड्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रुंदीच्या नाल्या पडतात. त्या हाताला लागत नाहीत, उजेडात दिसतात.

खड्डे शोधायची युक्ती मला आवडली. करड्या प्रायमरवर लांबून काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा करायचा आणि ठोकळा फिरवायचा. उंचवट्यावरचा काळा लगेच जातो, खड्ड्यातला राहतो. सगळं नाक जणू नकाशा होतं. काळं राहिलं तिथे पुट्टी, पुन्हा घासणं, पुन्हा स्प्रे.

शेवटची तपासणी संध्याकाळी. मामांनी शेडचे बाकी दिवे बंद केले आणि एक ट्यूबलाइट नाकाच्या वर आडवी धरायला लावली. ओल्या, पॉलिश केलेल्या पृष्ठभागात तिची पांढरी रेघ उमटली. पोराने ट्यूब हळूहळू मागे नेली तशी रेघ नाकावरून सरकत गेली; एका जागी थरथरली आणि पुन्हा सरळ झाली. मामांनी तिथे बोट ठेवलं. मी त्या जागी हात फिरवून पाहिला, काही कळलं नाही. मुलांनाही कळलं नाही. मामांनी पेन्सिलीने गोल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पुन्हा कागद.

हे सगळं ज्याच्यासाठी, तो पॅटर्न काम झालं की भंगारात जाणार असतो. पोरांना हे पचत नव्हतं. त्यांना कार्बन फायबरचं कापड कधी अंथरतोय असं झालं होतं. ते काळं, चकचकीत, तिरप्या विणीचं कापड त्यांनी आधीच आणून कपाटात ठेवलेलं होतं. पण साचा पॅटर्नची नक्कल करतो आणि नक्कल करताना निवड करत नाही. आकार उतरतो तसा ओरखडाही उतरतो, पुढे प्रत्येक वस्तूवर छापून येतो. पॅटर्नवर एकदा घासलेलं दहा वस्तूंवर घासायचं वाचवतं. माझ्या मते या धंद्यात शिकाऊ आणि जाणता यांच्यातला फरक हाताच्या चपळाईत शोधू नये. कुठल्या टप्प्यावर वेळ घालवायचा हे ज्याला समजलं तो शिकला.

मेण ही घासण्याच्या पुढची पायरी. कार्नोबा मेण, साच्यासाठीच मिळणारं. गाडी चमकवायचं पॉलिश नको, त्यात बहुधा सिलिकॉन असतं आणि मग जेलकोट त्यावर नीट बसत नाही, डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. पातळ हात गोल गोल लावायचा, धुरकट होऊ द्यायचा, स्वच्छ फडक्याने चमकवायचा, तासभर थांबायचं. नव्या पॅटर्नला असे सहा-आठ हात. मेण लावण्याचं काम ज्या पोराकडे आलं तो लावल्या लावल्या पुसत होता. "तू मेण लावतोयस का काढतोयस?" मामांनी विचारलं. शेवटी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून बघायचा. टेप धड चिकटलीच नाही, की मेण बसलं.

त्यावर पीव्हीएची फवारणी. पाण्यात विरघळणारा प्लॅस्टिकचा पापुद्रा, अर्ध्या तासात सुकणारा. जुने कारागीर मुरलेल्या साच्यावर पीव्हीए लावत नाहीत, त्याने चकाकी थोडी मारली जाते. पहिल्या वेळी मात्र लावतातच.

पांढरं दिसतंय तोवर

फायबर चढवायच्या दिवशी बाहेर धो धो पाऊस. मॅटचा रोल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला आणि ज्या लाकडी पेटीत तो उभा होता तिच्यात पिवळा बल्ब दिवसरात्र चालू. ओलसर मॅट रेझिन नीट पीत नाही, थरांत बुडबुडे धरते.

पहिला थर जेलकोटचा, साच्यासाठी असतो तो कडक जातीचा, काळा. पॅटर्न फिकट असल्यामुळे ब्रश कुठे पोचला नाही ते लगेच दिसतं. चौरस मीटरला साधारण ६०० ग्रॅम म्हणजे अर्धा मिलिमीटर. एक हात आडवा, तो बसला की दुसरा उभा. मग बोट लावून बघायचं. चिकट लागला पाहिजे पण बोटाला काळं लागता कामा नये. त्याआधी मॅट अंथरली तर वरच्या रेझिनमधलं स्टायरीन कच्च्या जेलकोटमध्ये शिरतं, तो फुगतो आणि दुधावरच्या सायीला पडतात तशा सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्या साच्याच्या चेहऱ्यावर. घासून जात नाहीत.

जेलकोटनंतर टिश्यू, तलम काचेचा पापुद्रा, मॅटचे जाड धागे वर छापून येऊ नयेत म्हणून. आणि मग मॅट. मामांनी कात्री बाजूला ठेवायला सांगितली. मॅट हाताने फाडायची. फाडलेल्या कडेचे धागे विस्कटलेले असतात, दोन तुकडे एकमेकांवर आले की जोड मिटून जातो. कापलेली सरळ कड पायरी सोडते.

मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन. आधी पॅटर्नवर रेझिन, त्यावर मॅट, त्यावर पुन्हा रेझिन. ब्रश ओढायचा नाही, आपटायचा. ओढला की धागे ब्रशबरोबर चालत येतात. मिनिटभरात रेझिनमधलं स्टायरीन मॅटमधला डिंक विरघळवतं आणि ताठ चादर एकदम मऊ पडते, आकाराला बिलगते. पांढरी मॅट पारदर्शक होते, खालचा काळा जेलकोट दिसू लागतो. जिथे पांढरं दिसतंय तिथे कोरडं आहे किंवा हवा आहे. त्यावर खाचांचा ॲल्युमिनियमचा रोलर फिरतो आणि बारीक चरचर आवाजात हवा कडेकडे पळते.

एकाने विचारलं, कार्बनसाठी एवढं महागातलं इपॉक्सी रेझिन आणलंय तर साच्यालाही तेच का नको? प्रश्न चांगला होता. साध्या मॅटचा डिंक स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. मॅट शेवटपर्यंत ताठ राहते. इपॉक्सीला विणलेलं कापड लागतं.

तोवर कोपऱ्यात ठेवलेला मग तापला होता. रेझिन सुकताना उष्णता सोडतं. पातळ थरात ती उडून जाते, मगात साठते. उरलेल्या पाव मगातून धूर निघायला लागला, तसा मामांनी तो उचलून पावसात ठेवला. साच्यावरही हेच होऊ शकतं. घाईने सहा थर एकदम चढवले तर मधोमध उष्णता कोंडते आणि साचा पॅटर्नवरच वाकडा होतो. शिवाय पॉलिस्टर सुकताना आक्रसतं, आकारमानाने सात टक्क्यांच्या आसपास. म्हणून त्या दिवशी दोनच थर. उद्या दोन. परवा उरलेले. पाच-सहा मिलिमीटर जाडी झाल्यावर, आणि पूर्ण सुकल्यावर, पाठीवर चौकोनी पाइपचा सांगाडा मॅटच्या पट्ट्यांनी बांधायचा. आधी बांधला तर सुकतानाच्या ओढीने त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.

थर रबरासारखा असताना, ना ओला ना कडक, कडेची झालर साध्या कटरने कापून घेतात. ती वेळ अर्ध्या तासाची. ती चुकली तर ग्राइंडर, आणि ग्राइंडर म्हणजे धूळ.

या धुळीबद्दल एकदा लिहिलं पाहिजे. काचेचे सूक्ष्म तुकडे मनगटात, मानेत, कॉलरखाली रुततात आणि दोन दिवस खाजवतात. गार पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही. स्टायरीनच्या वाफेला रुमाल किंवा कापडी मास्क उपयोगाचा नाही, कोळशाच्या काडतुसाचा मास्क लागतो. एमआयडीसीत हिंडलात तर तो सगळ्यांच्या तोंडावर दिसत नाही. हात ॲसिटोनने धुणारेही पुष्कळ. ॲसिटोन रेझिन काढतं, त्याबरोबर कातडीचं तेलही. मामांच्या शेडमध्ये नवीन पोरं टिकत नाहीत याचं कारण विचारलं तर ते पगार सांगत नाहीत. खाज सांगतात.

एकच हवी असेल तर

दरवेळी साचा लागतोच असं नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने नौदलासाठी 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली. २००९मध्ये ती नौदलात आली आणि दिलीप दोंदे त्याच वर्षी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. २०१० साली ती पूर्ण झाली. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३मध्ये तीच नौका कुठेही न थांबता फिरवून आणली. 'म्हादेई'चं अंग लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून घडवलेलं आहे, आणि त्यावर काचेचं कापड आणि इपॉक्सी. लाकूड आत राहतं, तेच गाभा होतं. तिथे काही सोडवायचं नसतं.

मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, मग पोरांनीही फोमवर थेट कापड चढवून आतला फोम खरवडून काढला असता तरी चाललं असतं. एकच नाक हवं असतं तर. पण रेसमध्ये नाक फुटतं. सरावात एक, स्पर्धेच्या आधी एक, वर एक राखीव. शिवाय थेट चढवलेल्या कापडाची बाहेरची बाजू खरबरीत, ती पुन्हा घासा. तीन नाकं म्हटल्यावर साचा परवडतो. कॅप्टनने हा हिशोब आधी केलेला नव्हता, पण मान मात्र केल्यासारखी हलवली.

पाचर

साचा पॅटर्नवर आठवडाभर तसाच ठेवला होता. उतरवायच्या दिवशी अख्खी टीम हजर. मामांनी बोल्ट काढले आणि खिशातून प्लॅस्टिकच्या पाचरी काढल्या. स्क्रू ड्रायव्हर कुणी हातात घेतला की ते ओरडतात, कारण लोखंडाचा एक ओरखडा म्हणजे पुन्हा १००० नंबर.

कॉलरच्या फटीत एक पाचर, वीतभर अंतरावर दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीवर रबरी हातोडीचा हलका ठोका, फेरीने. काही वेळ काहीच होत नाही. मग आतून 'टक्' असा आवाज येतो, आणि फटीतून पाणी ओतायची वेळ होते. पाणी पीव्हीएचा पापुद्रा विरघळवत खाली उतरतं. डावा अर्धा निघाला तो एकदम, फटकन, हातात आल्यासारखा. उजव्याने वेळ घेतला. जिथे कड आत वळली होती तिथे पॅटर्नचा फोम तुटून साच्यात राहिला. तो नखांनी काढला.

आता सगळे आत डोकावले. काळा, ओला, आरशासारखा साचा. आणि त्यात सगळं उतरलेलं. खाचेची गोलाई. टोकाजवळ टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं. मधल्या रेघेवर, जिथे क्ले गुळगुळीत केली होती तिथे, कुणाच्या तरी नखाची चंद्रकोर, काळ्या जेलकोटमध्ये सुबक.

मामांनी खिशातून नाणं काढून आतल्या कोपऱ्यांवर वाजवत नेलं. टण, टण, टण, ठप. ठप वाजलं तिथे पोकळ. तेवढी जागा उकरून, जेलकोट भरून, पुन्हा घासायची होती. चंद्रकोरीवर त्यांनी उपाय केला नाही. "रेघेवरच आहे. वस्तू ट्रिम करताना जाईल."

पहिली वस्तू कार्बनची करायची नाही, हेही पोरांना नवं होतं. नवा साचा पहिल्या एक-दोन वस्तू सोडताना हट्ट करतो, महागाचं कापड त्यात अडकवू नये. म्हणून पुन्हा मेणाचे हात, जेलकोट, ३००च्या मॅटचे दोन थर. एका दुपारचं काम. संध्याकाळी नाक बाहेर आलं, दोन-तीन ठिकाणी मेण कमी पडल्याचे डाग घेऊन. कार्बन त्यानंतर, इपॉक्सीत, व्हॅक्यूमच्या पिशवीखाली. कार्बनच्या तिरप्या विणीची रेघ कुठे वाकडी गेली ते मात्र कुठल्याही मेणाने झाकता येत नाही.

शेडच्या मागे

शेडच्या मागे पत्र्याच्या आडोशाला साच्यांचा ढीग आहे. जीपचं बॉनेट, टेम्पोचा डॅशबोर्ड, दोन-तीन मडगार्ड, बाकाची पाठ, कुठल्याशा बागेतल्या घसरगुंडीचा अर्धा भाग. पॉलिस्टर एकदा सुकलं की वितळत नाही. लोखंडासारखं गाळता येत नाही, प्लॅस्टिकच्या बादलीसारखं भंगारवाला नेत नाही. जगभर निवृत्त होणाऱ्या पवनचक्क्यांच्या पात्यांची डोकेदुखी तीच आहे. मामा मात्र साचे टाकून न देण्याचं कारण वेगळं सांगतात. टेम्पोचं मॉडेल बंद होतं, कंपनी पार्ट द्यायचं थांबवते, आणि गाडी पुढची पंधरा वर्षं सातारा-कराड रस्त्यावर चालत राहते.

पोरांनी विचारलं, आमचा साचा इथे ठेवाल का? पुढच्या वर्षी नाक बदलणार की तेच, असा मामांचा उलट प्रश्न. नियम बदलले तर बदलेल, कॅप्टन म्हणाली. मग कॉलेजात न्या, ते म्हणाले, इथे जागा धंद्याला लागते. थोडी घासाघीस झाली. शेवटी स्पर्धा होईपर्यंत ठेवायचं ठरलं.

तेवढ्यात फोन वाजला. जुन्या जीपचं डावं मडगार्ड पाहिजे होतं, या आठवड्यात. मामांनी ढिगातून साचा ओढून काढला, त्यातलं पाणी आणि पालापाचोळा उपडा केला, आतून अंगठा फिरवला. चकाकी गेली होती. मेणाचा डबा त्यांनी त्या लावल्या लावल्या पुसणाऱ्या पोराच्या हातात दिला.

"चार हात दे. तासातासाने."

"मामा, आमचं काम संपलंय."

"तुमच्या बिलातून वजा करतो. गॉगल घाल."